उकळत्या पाण्यावरचं झाकण

मित्रांनो, मी एक जुनी सात सीटची व्हॅन आहे, आणि माझ्या पाण्याने एक माणूस भाजला आहे. हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही मला गरीब बिचारी समजून माझी गोष्ट ऐकत बसाल आणि शेवटी म्हणाल, हिने आपल्याला फसवलं.

माझा जन्मच मुळी दणदणाटात झाला. लोखंड वितळवून, लाल रस करून साच्यात ओतलं. ते निवलं तेव्हा माझं इंजिन झालं. पत्रे दाबयंत्राखाली घातले, तेव्हा एकेका ठोक्याला कारखान्याची जमीन हादरत होती. मग यंत्रांच्या लांब हातांनी ठिणग्या उडवत माझे सांधे जोडले. एवढा मार खाऊन मी बाहेर आले ती मात्र पांढरीशुभ्र, गुळगुळीत आणि नव्या रबराच्या वासाची.

आमच्या इंजिनाच्या पोटात सतत स्फोट होत असतात. मिनिटाला हजारो. त्या स्फोटांच्या जोरावरच आम्ही पळतो. ते धक्के लोखंड सोसतं, पण त्यांची आग लोखंडाला एकट्याला सोसत नाही. त्यासाठी आमच्या अंगात पाणी फिरत असतं. साधं नव्हे, औषध घातलेलं हिरवं पाणी. त्याला कूलंट म्हणतात. वॉटर पंप ते ढकलतो, ते इंजिनातली उष्णता उचलतं, पुढे रेडिएटरच्या जाळीत येऊन वाऱ्यावर निवतं आणि पुन्हा आत जातं. या सगळ्याच्या डोक्यावर मुठीत मावेल एवढं एक झाकण असतं. पाणी कितीही तापलं तरी ते झाकण त्याला दाबून ठेवतं. गरम असताना कुणी ते उघडलं, तर दाबून ठेवलेलं ते पाणी एका क्षणात उसळून वर येतं. समोर कोण आहे हे पाणी बघत नाही.

पहिली नऊ वर्षं मी चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या एका काकांकडे होते. त्यांना तीन मुली. खिडकीच्या जागेवरून त्या अशा भांडायच्या की एकदा मधलीने धाकटीच्या दंडाला चावा घेतला आणि दातांचा ठसा चार दिवस गेला नाही. पण काका शांत माणूस. दर रविवारी सकाळी, मी पूर्ण थंड असताना, ते माझं बॉनेट उघडायचे, चष्मा कपाळावर सरकवून कूलंटची टाकी बघायचे आणि पाणी दोन रेघांच्या मध्ये आहे ना याची खात्री करून घ्यायचे. शेजारी म्हणायचे, "गाडी आहे की घड्याळ? कधी बंद पडलेली पाहिली नाही." मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

मुली मोठ्या झाल्या, आपापल्या वाटेने गेल्या. काकांनी छोटी गाडी घेतली आणि मला दोन भावांना विकलं. किल्ली देताना काका म्हणाले, "एवढंच सांगतो, हिला नळाचं पाणी पाजू नका. कूलंटच घाला."

थोरला भाऊ मोठ्याने हसला. "काका, गाडी आहे ही. जावई नाही!"

हे दोघे भाऊ काचवाले होते. दारं, खिडक्या, दुकानांचे दर्शनी भाग, आरसे, जिथे काच लागेल तिथे ते जायचे. त्यांनी माझ्या मागच्या दोन्ही रांगा काढून टाकल्या आणि तिथे लाकडाची एक उतरती घोडी बसवली. तिला जाड लोकरी कापड लावलं. त्या घोडीवर काचा उभ्या टेकवून दोरीने आवळायच्या. आडवी काच खड्ड्यात फुटते, हे मला तेव्हा कळलं.

थोरल्याला सगळी गल्ली दादा म्हणायची. थोडं आदराने, बरंचसं भीतीने. दोन्ही हातांवर काचेच्या जुन्या जखमांच्या पांढऱ्या रेघा होत्या. काच कापायला बसला की मात्र तो वेगळाच माणूस व्हायचा. श्वास रोखून एकच रेघ ओढायचा, बोटाने हलकेच टकटक करायचा, आणि काच दोन तुकडे होऊन अलगद त्याच्या हातात यायची. काचेशी एवढ्या नाजूकपणे वागणारा हा माणूस माणसांशी कधी तसा वागला नाही. वडील लवकर गेले होते. धाकट्या भावाला त्यानेच वाढवलं, त्यानेच धंद्याला लावलं, आणि त्यानेच झोडपलं.

धाकट्याचं लहानपणी पडलेलं नाव बारक्या. आता तो तिशीचा, माझ्या छताला डोकं लागेल एवढा उंच, तरी बारक्याच.

एकदा त्याच्या हातून एका दुकानाचा मोठा आरसा निसटला. फुटपाथवर त्याचा चुरा झाला. दादाने तिथल्या तिथे मुठीने त्याच्या तोंडावर मारलं. नाकाचं रक्त माझ्या दारावर उडालं. आणि मग त्याच दादाने अंगातला शर्ट काढून भावाच्या नाकाला लावला, त्याला माझ्यात घातलं आणि लाल सिग्नल न जुमानता मला दवाखान्याकडे पळवलं. वाटभर तो म्हणत होता, "मान वर कर. मान वर कर रे. दुखतंय का?" असा होता दादा. मारायचाही तोच, घेऊन पळायचाही तोच.

मीही त्यातून सुटले नाही. माझं मागचं दार नीट लागेना, तर त्याने अशी लाथ घातली की पत्रा आत गेला आणि कडी कायमची तुटली; तेव्हापासून ते दार दोरीने बांधलेलं. उजवा आरसा त्याने एकदा बुक्कीने फोडला आणि हाताला सात टाके घालून घेतले. कधी कधी दादाची बायको पुढे बसायची. बारक्याची वहिनी. दादाचा आवाज चढला की ती मांडीवरची पिशवी घट्ट धरून खिडकीबाहेर बघत बसायची, जणू बाहेर काही फार बघण्यासारखं चाललं आहे.

त्यांच्याकडे तीन वर्षं झाली आणि माझा वॉटर पंप गळू लागला. आधी थेंब. मी उभी असेन त्या जागेवर हिरवट ओला ठिपका. मग धार नव्हे, पण थेंबामागे थेंब. गॅरेजच्या म्हाताऱ्या मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणायचे. एका कानाने त्याला ऐकू यायचं नाही. दुसऱ्या कानाला लांब पेचकसाची मूठ लावून, टोक इंजिनावर टेकवून तो आमचं दुखणं ऐकायचा.

"पंपाचं पाणी अडवणारं सील गेलंय," तो म्हणाला. "आतलं बेअरिंगही वाजतंय. दोन दिवस गाडी ठेवून जा. नवा पंप बसवतो, रेडिएटर धुऊन देतो."

"दोन दिवस?" दादा म्हणाला. "मग काचा काय डोक्यावरून नेऊ?"

"नंतर इंजिन बसलं, तर दोन महिने नेशील."

"बघू पुढच्या आठवड्यात."

तो पुढचा आठवडा वर्षभर आला नाही. दादाने माझ्यात पाण्याचा एक कॅन ठेवला. टाकी रिकामी झाली की नळाचं पाणी ओतायचं आणि निघायचं. त्या पाण्याने मला आतून गंज चढला. रेडिएटरच्या बारीक नळ्या तपकिरी चिखलाने बुजत गेल्या. दर दोन-चार दिवसांनी ताप दाखवणाऱ्या काट्याने लाल रेघेकडे धाव घ्यायची आणि दादाने मला रस्त्याच्या कडेला उभं करायचं.

अशा वेळी दादाला धीर नसायचा. बॉनेट उघडून, हाताला फडकं गुंडाळून, तो सरळ झाकणाला हात घालायचा. आणि प्रत्येक वेळी बारक्या आतून उडी मारून ओरडायचा, "दादा, थांब! उघडू नकोस! अर्धा तास थांब!"

"कोकलू नकोस, बहिरा नाहीये मी," दादा म्हणायचा. दोन-चार शिव्या हासडायचा. पण हात मागे घ्यायचा. जगात कुणाचं न ऐकणारा तो माणूस ही एक आरोळी ऐकायचा. वर्षभरात मी ती किती वेळा ऐकली असेल, मोजलं नाही.

उस्तादने बारक्याला आणखी एक युक्ती शिकवली होती. गाडी तापायला लागली तर आतला हीटर पूर्ण चालू करायचा. बसणाऱ्याला भाजल्यासारखं होतं, पण तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर निघते.

मग ते वादळ झालं. सकाळी सुटलेला वारा दुपारपर्यंत छपरं उडवत होता. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या रुग्णालयात तिसऱ्या मजल्याच्या सगळ्या खिडक्या फुटल्या. पलंगांवर काचांचा पाऊस पडला, माणसं चादरी डोक्यावर घेऊन बाहेर पळाली. दुसऱ्या दिवशी पहाटेच दादाला बोलावणं आलं. संध्याकाळच्या आत काचा बसवायच्या, म्हणजे रोग्यांना परत वॉर्डात आणता येईल. दादाने शब्द दिला. दिलेला शब्द तो मोडायचा नाही, हेही सांगितलं पाहिजे.

दुपारपर्यंत माझ्या तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला त्याने घोडीवर नेहमीच्या दीडपट काचा लादल्या. रस्त्यात एक लांबलचक उड्डाणपूल होता. ऊन तापलेलं, पुढे-मागे गाड्यांची रांग, आणि चढ.

"काटा बघ, दादा," बारक्या म्हणाला.

"दिसतोय."

"लाल रेघेला लागलाय. खालीच थांबायला हवं होतं. आता तरी कडेला घे."

"वर पोचलो की पुढे उतारच आहे. गप्प बस."

बारक्याने हीटर चालू केला. दोघांच्या अंगावर भट्टीसारखी झळ आली. दादाने तो खटकन बंद केला. "भाजून मारतोस का मला?"

बारक्याने पुन्हा चालू केला. दादाने बंद केला. बारक्याचा हात तिसऱ्यांदा पुढे आला तेव्हा दादाने डाव्या कोपराने त्याच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला. त्या झटक्यात स्टिअरिंग फिरलं, मी पुलाच्या कठड्यावर घासत गेले. लोखंडावर लोखंड किंचाळलं, ठिणग्या उडाल्या, माझा डावा आरसा उखडून खाली रस्त्यावर पडला. मागे काचा एकमेकींवर थरथरल्या.

आणि तेवढ्यात काटा खाली आला. लाल रेघ सोडून सरळ तळाला.

"बघ!" दादा हसला. "उतरला. उगाच जीव खातोस."

मित्रांनो, काटा खोटं बोलत नव्हता. त्याला काही कळेनासं झालं होतं. त्याचं आतलं टोक पाण्यात बुडालेलं असतं तोवरच त्याला ताप कळतो, आणि ते टोक होतं तिथलं पाणी संपलं होतं. पंपाचं सील पार फाटलं होतं, इंजिनातलं पाणी पुलावर सांडत आलं होतं. उरलं होतं ते रेडिएटरमध्ये अडकून खदखदत होतं. इंजिनाचं लोखंड फुगत चाललं होतं. आतून हातोडे बसावेत तसा आवाज यायला लागला. माझा जोर गेला. चढाच्या ऐन मध्यावर मी गचका देऊन बंद पडले आणि मागे घसरले.

दादाने ब्रेक दाबला. त्या हिसक्याने घोडीवरची दोरी तुटली. मागच्या दाराची दोरी तर कधीचीच विरली होती. दार उघडलं आणि चार मोठ्या काचा एकीमागून एक रस्त्यावर कोसळल्या. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने करकचून ब्रेक लावला. तरी त्याचं नाक माझ्या पाठीत घुसलंच. राहिलेल्या काचा आतल्या आत फुटल्या. एवढा मोठा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

ट्रकवाला खाली उतरला. साठीचा, पांढऱ्या मिशांचा, जाडजूड माणूस. त्याच्या कपाळाला खोक पडली होती. "अरे, ही काय थांबायची जागा आहे?" तो ओरडला. "आत्ता मेला असतात दोघं!"

दादाने सीटखालचा चाकाचा पाना काढला. एक शब्द न बोलता गेला आणि ट्रकचा दिवा फोडला. ट्रकवाला अडवायला पुढे आला, तर दुसरा घाव त्याच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. ट्रकवाल्यानेही मग डाव्या हाताची मूठ वळून दादाच्या नाकावर ठेवून दिली. दोघे काचांच्या चुऱ्यात लोळले. गाड्यांमधून माणसं उतरली, कुणी दादाला कंबरेला धरलं, कुणी पाना हिसकावून पुलाखाली फेकला. मागची रांग हॉर्नवर हॉर्न वाजवत होती.

दादा सुटला तो बारक्याकडे वळला. नाकातून रक्त, कोपरात काचा घुसलेल्या. त्याने भावाची मान पकडली आणि त्याचा गाल माझ्या तापलेल्या बॉनेटवर दाबला.

"तुझ्यामुळे! हीटर, हीटर लावला होतास ना? घे! घे आता!"

माझा पत्रा तव्यासारखा झाला होता. बारक्याच्या गालाची कातडी त्याला चिकटली. मला मागे सरकता आलं असतं तर मी सरकले असते. लोकांनी दादाला खेचलं. बारक्या दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला. गालावर हात, तोंडात रक्त. तो भावाकडे बघत होता. त्या नजरेत जे होतं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

दादाने बॉनेट वर केलं. पंपाच्या बाजूने वाफ फुसफुसत होती. त्याने हाताला फडकं गुंडाळलं. झाकणावर हात ठेवला.

मी आरोळीची वाट पाहत होते. "दादा, थांब!" आता येईल, आता येईल.

दादाचा हातही क्षणभर तसाच राहिला.

बारक्या बोलला नाही.

दादाने झाकण फिरवलं.

पुढचं मी थोडक्यात सांगते. झाकण उडून पुलापलीकडे गेलं. तपकिरी, उकळतं पाणी माणसाच्या उंचीइतकं उसळलं आणि दादाच्या चेहऱ्यावर, मानेवर, छातीवर पडलं. तो मागे कोसळला. त्याचा आवाज ऐकून मागचे हॉर्न एकदम थांबले. डोळ्यांवर हात दाबून तो काचांच्या चुऱ्यात गडाबडा लोळत होता, आणि बघ्यांपैकी कुणाचं पाऊल पुढे पडत नव्हतं.

पुढे आला तो ट्रकवाला. मोडका हात पोटाशी धरून, दुसऱ्या हाताने आपल्या पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन फरफटत. त्याने दादाला पायाने अडवून स्थिर केलं आणि कॅन त्याच्या तोंडावर उलटा केला. "चोळू नकोस! हात काढ! पाणी पडू दे!" मग बारक्याकडे बघून तो गरजला, "उभा काय राहिलायस? भाऊ आहे ना तुझा? पाणी आण!"

बारक्या झोपेतून उठल्यासारखा धावला. गाडी-गाडीतून बाटल्या मागून आणल्या. पाणी ओतता ओतता तो एकच बोलत होता, "दादा, दादा, दादा." शेवटी त्याने माझ्या घोडीची फळी उखडली. दादाला तिच्यावर घालून चौघांनी पुलाच्या वरच्या टोकापर्यंत पळवत नेलं. तिथे एका कारवाल्याने त्यांना घेतलं. सर्वांत जवळ होतं ते तेच रुग्णालय.

मला दुसऱ्या दिवशी दोराने ओढत उस्तादच्या गॅरेजात आणलं. उस्तादने माझं इंजिन उघडलं. वरचा भाग तापून वाकला होता, आतलं, सांधा बंद ठेवणारं गॅस्केट जळून दोन ठिकाणी फाटलं होतं. त्याने तो जळका तुकडा उचलून उजेडात धरला. मग स्वतःशीच म्हणाला, "एका सीलपायी."

आठवड्याने वहिनी आली. दादाचा उजवा डोळा गेला होता. डावा वाचला होता. चेहरा, मान, छाती पट्ट्यांत. बारक्या रोज तिथेच असतो, तिने उस्तादला सांगितलं. पहिल्या दिवशी भाऊ शस्त्रक्रियेच्या खोलीत असताना तो दुसऱ्या एका काचवाल्याची गाडी घेऊन आला आणि तिसऱ्या मजल्याच्या उरलेल्या खिडक्या त्याने एकट्याने बसवल्या. जेवला नाही, बसला नाही. "बोलत काहीच नाही तो," वहिनी म्हणाली. "विचारलं तर भिंतीकडे बघतो."

दुसऱ्या दिवशी बारक्या माझ्याकडे आला. गालावर भाजल्याचा लाल डाग. हातात पहार. त्याने पहिला घाव माझ्या पुढच्या काचेवर घातला, दुसरा काट्याच्या तबकडीवर, मग बॉनेटवर घावांमागून घाव. "तू! तुझ्यामुळे! तू सांगायला हवं होतंस!"

उस्तादने धावत येऊन पहार धरली. एवढासा म्हातारा, पण पकड जबरदस्त. "तिने सांगितलं होतं!" तो ओरडला. "वर्षभर थेंब थेंब सांगत होती. तुम्ही माणसं काय करत होतात?"

बारक्या तिथेच मातीत बसला. मोठ्याने, लहान मुलासारखा रडला. आणि मग त्याने उस्तादला खरं सांगितलं. उस्तादने दोनदा विचारलं, कारण ते त्याच्या बहिऱ्या कानाच्या बाजूने आलं होतं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा कठीण गेलं असावं.

"हे मला सांगून काय उपयोग?" उस्ताद म्हणाला. "ज्याला सांगायचं त्याला सांग."

दोन महिन्यांनी दादा स्वतः गॅरेजात आला, वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून. मी त्याला ओळखलं ते फक्त चालीवरून. ट्रकवाल्याने तक्रार केली होती आणि दादाने पोलिसांना काही न लपवता सांगितलं होतं, मीच मारलं. आता मला ठेवायचं की मोडीत काढायचं, हे ठरवायला तो आला होता. बारक्या माझ्या पलीकडच्या बाजूला उभा होता. मध्ये माझं उघडं बॉनेट.

"दादा," बारक्या म्हणाला. "त्या दिवशी मी ओरडलो नाही. तुझा हात झाकणावर दिसत होता मला. ओरडायला वेळ होता. मी मुद्दाम गप्प राहिलो."

दादाने माझ्या बॉनेटची कड पकडली. पत्रा कुरकुरला. मला वाटलं, आता हा मधली वाट ओलांडून भावाचा गळा धरणार. वहिनीलाही तेच वाटलं. ती पुढे झाली.

"माहीत आहे," दादा म्हणाला.

"काय?"

"दर वेळी तू कोकलायचास. त्या दिवशी हात ठेवला आणि मागून काहीच आलं नाही. फिरवायच्या आधीच कळलं होतं मला."

"मग उघडलंस कशाला?" बारक्याचा आवाज फुटला.

दादाची मान खाली गेली. "तू गप्प बसलास ना, त्याचाच राग आला."

उस्तादने पेचकस पुसायला घेतला. मग वहिनी बोलली, आणि माझ्या आयुष्यात तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"झालं तुमचं दोघांचं? आता माझं ऐका. अकरा वर्षं मीही गप्पच होते. याचा हात उठला की मी खिडकीबाहेर बघायचे. बाहेर काही नसायचं बघायला! इथून पुढे घरात, दुकानात, रस्त्यात, कुठेही हात उठला तर सगळी गल्ली गोळा करीन. आणि तू, बारक्या, याच्यावर राग असेल तर तोंडावर बोल. भांड. पण गप्प राहून असा सूड घेऊ नकोस."

दादाने एका डोळ्याने तिच्याकडे बघितलं. तो चिडला होता. जबडा आवळला होता, मूठ वळली होती. ती मूठ त्याने माझ्या बॉनेटवर टेकवली आणि तशीच टेकवून ठेवली, उघडेपर्यंत. बराच वेळ लागला. मग तो उस्तादला म्हणाला, "हिचं इंजिन काढ. आणि नवी गाडी बघ आमच्यासाठी. पंप तपासून."

त्यांचं सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. एका डोळ्याने दादाला रेघेचा अंदाज येत नाही. काच आता बारक्या कापतो आणि दादा शेजारी बसून चुका काढतो. दोघे कडाडून भांडतात. मध्यंतरी बारक्या दोन आठवडे घर सोडून गेला होता. एकदा दादाने स्टूल भिरकावलं, तर वहिनीने खरंच गल्ली गोळा केली. उस्ताद सांगतो ते ऐकते मी. ट्रकवाल्याचा हात वाकडा जुळला आहे. दादा त्याच्याकडे गेला होता. ट्रकवाल्याने दार उघडलं, आत मात्र बोलावलं नाही.

मी इथेच असते. माझ्या पोटात उस्ताद जुने टायर ठेवतो. चालले नाही तरी ऐकू येतं मला, बघते मी.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीखाली ओला ठिपका दिसला तर मोठ्यांना सांगा, आणि त्यांनी ऐकलं नाही तर पुन्हा सांगा. काटा लाल रेघेकडे गेला की गाडी थांबवायला लावा, आणि गरम इंजिनाच्या झाकणाला कुणालाही हात लावू देऊ नका. एवढं तर गाडीच्या पुस्तकातही लिहिलेलं असतं. पण जे तिथे लिहिलेलं नसतं ते मी सांगते. झाकणाकडे जाणारा हात तुमच्या नावडत्या माणसाचा असेल, नुकतंच त्याने तुम्हाला मारलं असेल, तुमच्या तोंडात रक्त असेल, तरी ओरडा. राग नंतर काढा. त्याचा हात पोचायच्या आधी तुमचा आवाज पोचू द्या.